डॉक्टर आणि इंजिनिअर विद्यार्थ्यांचा एकत्र प्रकल्प: गोव्यात तो कसा उभा करावा

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचं प्रदर्शन कुठेही भरू दे, सलाइन संपल्यावर बझर वाजवणारं यंत्र तिथे हमखास दिसतं. बाटली लोड सेलला, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरला, टांगलेली असते, वजन ठरावीक आकड्याखाली गेलं की बझर वाजतो आणि मोबाइलवर संदेश जातो. यंत्र चालतं, परीक्षकांना आवडतं, गुणही चांगले मिळतात, पण वॉर्डात ते कधी पोहोचत नाही. मुलांची मेहनत खरी असते. मात्र ते बनवणाऱ्यांपैकी एकानेही सर्जरीच्या वॉर्डात सलग दोन तास उभं राहून सिस्टर सलाइन कशा सांभाळतात हे पाहिलेलं नसतं. दुसऱ्या बाजूला एमबीबीएसचा विद्यार्थी रोज त्याच वॉर्डातून फिरतो, अडचणी पाहतो आणि "असंच चालतं" म्हणून पुढे जातो. ती अडचण कुणाला सांगायची हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

या दोघांना एका टेबलाशी आणायचं असेल तर नुसती एकदिवसीय हॅकेथॉन पुरत नाही. वर्षभराची नीट आखणी लागते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे, आणि पुढच्या वर्षी असा प्रकल्प घेऊ पाहणारे विद्यार्थी यांच्यासाठी ती आखणी इथे मांडतो आहे.

गोव्यात हे काम करायला जागा फार सोयीची आहे. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), फर्मागुडीचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि त्याच आवारातून चालणारी आयआयटी, झुआरीनगरचं बिट्स, कुंकळ्ळीची एनआयटी, वेर्ण्याचं पाद्रे कॉन्सेसांव, फातोर्ड्याचं डॉन बॉस्को, हे सगळं सकाळी बसने निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या अंतरात आहे. शिवाय गोमेकॉ आणि फर्मागुडीचं महाविद्यालय ही दोन्ही गोवा विद्यापीठाशीच संलग्न आहेत.

आपल्या देशात हे नवीनही नाही. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन आणि अभियंता जी. एस. भुवनेश्वर यांच्या चमूने कृत्रिम हृदयझडप बनवली. पहिली तीन मॉडेल्स बाद झाली आणि चौथं १९९० साली रुग्णाच्या हृदयात बसलं. आयआयटी मुंबईत २०१४ साली वैद्यकीय उपकरणं विकसित करणारं बेटिक केंद्र सुरू झालं, त्यात पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी महाविद्यालयं सहभागी झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात २००१ साली सुरू झालेला, वैद्यकीय उपकरणं कशी घडवायची हे शिकवणारा बायोडिझाइन कार्यक्रम २००७ मध्ये एम्स आणि आयआयटी दिल्लीच्या साहाय्याने भारतात आला. त्याचा गाभा एका ओळीत सांगता येतो: आधी गरज शोधा, मग उपाय. वाचायला सोपं वाटतं, पण आपल्या अभ्यासक्रमात जून-जुलैमध्ये प्रकल्पाचं शीर्षकच आधी द्यावं लागतं. खरी अडचण तिथून सुरू होते.

पहिली पायरी: माणसं आणि तारखा

चमू लहान ठेवा. अभियांत्रिकीचे तीन विद्यार्थी, शक्यतो वेगवेगळ्या शाखांचे: एक इलेक्ट्रॉनिक्स, एक मेकॅनिकल, एक कॉम्प्युटर. एमबीबीएसचे दोघे, ज्यांच्या वॉर्ड पोस्टिंग सुरू झालेल्या आहेत. बांबोळीच्या नर्सिंग शिक्षण संस्थेतली एक विद्यार्थिनी. यात नर्सिंगचा माणूस नसेल तर प्रकल्प सुरूच करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वॉर्डातली बहुतेक उपकरणं दिवसभर नर्सच्या हातात असतात, डॉक्टर ती फेरीपुरती पाहतात.

मार्गदर्शक दोन हवेत, दोन्हीकडचा एकेक, आणि दोघांचीही नावं पहिल्या दिवसापासून कागदावर हवीत. "डॉक्टरांशी बोलणं झालंय" एवढ्यावर निघालेला प्रकल्प ऑक्टोबरात अडकतो. पदव्युत्तर निवासी डॉक्टर उत्साहाने येतात, पण त्यांची युनिट बदलते, आणि जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या सक्तीच्या नेमणुकीवर त्यांना जावं लागतं. म्हणून प्रकल्पाची गाठ निवासी डॉक्टरांशी न बांधता प्राध्यापकांशी आणि वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरशी बांधा. निवासी डॉक्टर म्हापशाला किंवा मडगावला गेले तर ती संधी समजा. तोच प्रश्न जिल्हा रुग्णालयात कसा दिसतो हे कळतं, आणि फातोर्ड्याच्या मुलांना तर मडगावचं रुग्णालय अगदी शेजारी आहे.

तारखांचा तक्ता एकत्र बसून करा. दोन्हीकडच्या परीक्षा त्यात आधी लिहा. चवथीचा आठवडा सरळ कोरा सोडा. त्या दिवसांत पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळे घरी असतात, आणि कुणाला ओढून आणण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात ओपीडीला गर्दी असते, तेव्हा डॉक्टरांचा वेळ मागताना दुपारनंतरचा मागा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: वॉर्डात जाणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांना हिपॅटायटिस बीची लस घेतलेली हवी. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यावे लागतात. म्हणजे शेवटच्या वर्षी जुलैत वॉर्डात पाय ठेवायचा असेल तर चमू जानेवारीतच ठरायला हवा. एवढ्या एका कारणासाठी तरी निवड सहा महिने आधी करा.

दुसरी पायरी: परवानगी

दोन्ही संस्थांच्या प्रमुखांमधलं पत्र, विभागप्रमुखांची संमती, वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरना आगाऊ कल्पना, गळ्यात ओळखपत्र. रुग्णाचं नाव, केस पेपर, चेहरा यांपैकी काहीही वहीत किंवा मोबाइलमध्ये घ्यायचं नाही. खाटेचा फोटो काढतानासुद्धा डोक्याजवळचा फलक चौकटीत येत नाही ना, हे पाहा.

नुसतं पाहण्यापलीकडे जाऊन रुग्णांशी बोलायचं असेल किंवा त्यांची माहिती नोंदवायची असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडे अर्ज करावा लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जोखीम किती आहे त्यावरून अर्जाला सूट मिळते, त्याची जलद छाननी होते किंवा तो पूर्ण समितीपुढे जातो. काय लागू पडतं हे स्वतः ठरवू नका, समितीला ठरवू द्या. अर्ज पहिल्या महिन्यातच द्या.

तिसरी पायरी: एकमेकांचं थोडं शिकणं

वॉर्डात जाण्याआधी दोन आठवडे पुरतात. इंजिनिअर मुलांनी हात धुण्याची पद्धत, स्वच्छ आणि निर्जंतुक यांतला फरक, सुई टोचली तर काय करायचं, पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला काय सांगते, हे शिकावं. डॉक्टर मुलांना एक दुपार वर्कशॉपमध्ये आणा. त्यांनी स्वतः सोल्डरिंग करावं, लेथ पाहावा, थ्रीडी प्रिंटरवर काहीतरी छापावं.

मग तो छापलेला तुकडा उकळत्या पाण्यात टाकून दाखवा. पीएलए हे थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालतो १२१ अंशांवर. वॉर्डात पुसायला वापरतात ते हायपोक्लोराइट हे जंतुनाशक धातूला खातं, स्पिरिटने काही पारदर्शक प्लास्टिकांना तडे जातात. "ही वस्तू रोज कशाने पुसली जाईल?" हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की साहित्याच्या निवडीतल्या अर्ध्या चुका टळतात.

चौथी पायरी: वॉर्डात पाहणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. किमान महिनाभर, आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन तास. एका वेळी दोघांनीच जायचं: एक इंजिनिअर, एक वैद्यकीय विद्यार्थी. सकाळची फेरी पाहायची, दुपारी पाळी बदलते ती वेळ पाहायची, आणि परवानगी मिळाली तर एक रात्रही, कारण रात्री माणसं कमी असतात आणि अडचणी तेव्हाच उघड्या पडतात.

वहीत चार रकाने करा: वेळ, कोण, काय केलं, कुठे अडलं. पाचवा रकाना "उपाय" असा करायचा मोह होतो, तो महिनाभर करू नका. इंजिनिअर मुलांना हे जड जातं. काहीही पाहिलं की सेन्सर कुठे बसेल याचाच विचार त्यांच्या मनात सुरू होतो.

लक्ष ठेवायचं ते चिकटपट्टी, गॉज आणि दोऱ्यांवर. जिथे जिथे कुणी काही बांधून, चिकटवून किंवा खुणा करून काम भागवलं आहे, तिथे उपकरणात काहीतरी कमी आहे. सलाइनच्या बाटलीवर सिस्टर कधी कधी चिकटपट्टीची उभी पट्टी लावतात आणि तिच्यावर तासांच्या खुणा करतात: अकरा वाजता पाणी इथवर, बाराला इथवर. एका नजरेत कळतं की सलाइन वेळेत चाललंय की मागे पडलंय. वीज लागत नाही, खर्च जवळजवळ शून्य. तुमच्या यंत्राची स्पर्धा या पट्टीशी आहे. ती न पाहता केलेल्या यंत्राला वॉर्डात कुणी हात का लावत नाही, हे मग समजतं.

इतरही ठिकाणं सोडू नका. रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागाला विनंती करून बंद पडलेल्या यंत्रांची खोली पाहा. कुठली यंत्रं कशामुळे पडून आहेत याची यादी करा. गुंतागुंतीचं सर्किट जळाल्यापेक्षा तुटलेली चार्जरची पिन, रक्तदाब मोजायची फाटलेली कफ, गंजलेला कनेक्टर, न मिळणारा सुटा भाग अशी कारणं जास्त सापडतील. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा दमटपणा यंत्रांचं काय करतो हे त्या खोलीत अर्ध्या तासात दिसतं. पुढे वाळपईच्या किंवा काणकोणच्या सामूहिक आरोग्य केंद्रातही एक दिवस घालवा. बांबोळीत जे गृहीत धरतो, तज्ज्ञ, एसी, तंत्रज्ञ, त्यातलं काय तिथे नाही ते लिहून आणा.

भाषेची सोयही आधी पाहा. रुग्ण कोकणीत बोलतात, मराठीत बोलतात, बांधकामावरचे मजूर कन्नड किंवा हिंदीत. बाहेरून शिकायला आलेल्या मुलांच्या जोडीला स्थानिक विद्यार्थी हवाच.

पाचवी पायरी: गरज कागदावर

महिन्याने वहीत बऱ्याच नोंदी होतील. त्यातून एक निवडताना पाहायचं ते असं: हे किती वेळा घडतं, त्याने रुग्णाचं किंवा कर्मचाऱ्याचं काय नुकसान होतं, सध्या कसं भागवतात, विकत कोण घेईल, आणि दोन सेमेस्टरमध्ये काही हाती लागेल का. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे उपकरणांचे जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. व्हेंटिलेटर सीमध्ये, हृदयाची झडप डीमध्ये. विद्यार्थ्यांनी ए किंवा बी वर्गातलंच काही घ्यावं. पहिल्याच वर्षी तर मी शिकवण्याचं मॉडेल घ्यायला सांगेन: कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) लावण्याचा सराव करायचा हात, पाठीतून पाणी काढण्याचा सराव करायचं मॉडेल. रुग्णाला धोका नाही, वापरणारे डॉक्टर चमूतच आहेत, आणि ते बिघडलं तर उद्या दुरुस्त करून परत देता येतं.

सलाइनचंच उदाहरण पुढे नेऊ. पहिल्या बैठकीत मुलं लिहितात: "सलाइन संपल्याचं कळवणारं यंत्र." यात उपाय आधीच ठरलेला आहे. दुसऱ्या बैठकीत: "सलाइन वेळेवर बदललं जात नाही." हे तक्रारीसारखं वाचलं जातं आणि सिस्टर दुखावतात, बरोबरच आहे. महिनाभराच्या नोंदी समोर ठेवल्या की तिसरं वाक्य असं येऊ शकतं: "शस्त्रक्रियेनंतरच्या प्रौढ रुग्णांमध्ये सिस्टरने लावलेला थेंबांचा वेग हात वाकल्याने किंवा रुग्ण उठून बसल्याने बदलतो. हा बदल पुढच्या फेरीआधी कळावा, आणि त्यासाठी सिस्टरच्या कामात नवी पायरी वाढू नये."

आता आकडे घाला. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं तर तासाला १२५ मिलिलिटर. साध्या सेटमध्ये २० थेंबांना एक मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. लहान मुलांसाठीच्या सूक्ष्म सेटमध्ये ६० थेंबांना एक मिलिलिटर. इंजिनिअर मुलांनी इथे आपली बाजू आणावी. बाटली शिरेपासून एक मीटर उंच असेल तर तिचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर पारा. हात ३० सेंटिमीटर वर गेला की त्यातला जवळपास २२ कमी झाला. वेग का पडतो हे डॉक्टर मुलांनाही असं मोजून कुणी दाखवलेलं नसतं, आणि त्या क्षणी दोन्हीकडची मुलं पहिल्यांदा एकाच कागदावर डोकं घालून बसतात.

मग डॉक्टरांना विचारायचं: ४२ चे ३५ झाले तर चालेल? ३० झाले तर? किती वेळ? उत्तर रुग्णावर अवलंबून असतं. धडधाकट तरुणाला चालेल ते मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला चालणार नाही, आणि काटेकोर औषधांना ठरलेल्या वेगाने औषध सोडणारा इन्फ्युजन पंपच लागतो, ज्याची अचूकता साधारण ५ टक्क्यांच्या आत असते. सिस्टरना विचारायचं: एका पाळीत किती खोटे इशारे सहन होतील? तीस खाटांच्या वॉर्डात प्रत्येक बाटली ओरडू लागली तर दुसऱ्या दिवशी सगळे आवाज बंद केलेले असतील. किंमत, साफसफाई, बॅटरी किती तास, पडलं तर काय, हे सगळे आकडे एका पानावर आणा. त्या पानावर दोन्ही मार्गदर्शकांची आणि इनचार्ज सिस्टरची सही घ्या. सहीआधी एकही भाग विकत घ्यायचा नाही.

सहावी पायरी: बनवणं आणि मोडणं

पहिली तीन मॉडेल्स पुठ्ठा, थर्माकोल, माती यांची. ती सिस्टरच्या हातात द्या आणि गप्प राहून पाहा. हातमोजे घालून बटण दाबता येतं का, एका हाताने अडकवता येतं का, रात्रीच्या मंद दिव्यात आकडा दिसतो का. त्यानंतरच इलेक्ट्रॉनिक्स.

आपल्या इथलंच एक उदाहरण मुलांना जरूर सांगा. वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे क्षयरोगाची तपासणी करणारं यंत्र. ते बॅटरीवर चालतं, एसीची प्रयोगशाळा नसलेल्या आरोग्य केंद्रातही चालावं असं बनवलेलं आहे, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. वीज जाते, उकाडा असतो, हे त्यांनी रचनेतच धरलं होतं.

तुमचाही नमुना बॅटरीवर चालवा. भिंतीतल्या विजेला जोडलेलं, घरी केलेलं काहीही माणसाच्या शरीराला लावायचं नाही, चमूतल्या मित्रालाही नाही. सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०६०१ मध्ये, शरीराला जोडलेल्या भागातून नेहमीच्या स्थितीत गळणारा प्रवाह १०० मायक्रोअँपिअरपर्यंतच चालतो, आणि थेट हृदयाशी संबंध येणार असेल तर फक्त १०. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले बहुतेक मल्टिमीटर एवढं नेमकं मोजत नाहीत.

जोखमीचा तक्ता इथेच करा: काय बिघडू शकतं, त्याने कुणाला काय होईल, आपण ते कसं रोखलं. डॉक्टर मुलांनी "काय होईल" लिहायचं, इंजिनिअरांनी "कसं रोखलं". वैद्यकीय उपकरणांची जोखीम कशी हाताळावी हे सांगणाऱ्या आयएसओ १४९७१ या मानकाचा गाभा हाच आहे. मानक पाठ करायची गरज नाही, तक्ता मात्र प्रामाणिक हवा.

चाचणी टेबलावर करा आणि मग सरावाच्या खोलीत, पुतळ्यावर, खऱ्या सिस्टरना बोलावून. पावसाळ्यात नमुना आठवडाभर उघड्या खिडकीशी ठेवा आणि पुन्हा मोजा. रुग्णावर वापरायची वेळ येते तेव्हा नीतिमत्ता समिती आणि केंद्रीय औषध नियंत्रण संस्था, म्हणजे सीडीएससीओ, यांचे नियम लागू होतात. तो टप्पा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा नाही. तिथवर न पोहोचताही प्रकल्प पूर्ण मानता येतो, हे परीक्षकांनी मान्य करायला हवं.

सातवी पायरी: गुण आणि श्रेय

डॉक्टर मुलांना या कामाचे गुण मिळाले नाहीत तर परीक्षा जवळ आली की ती दिसेनाशी होतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एमबीबीएसच्या सध्याच्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्ह, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडायचे विषय, आहेत, त्यात हे बसवता येतं का ते विभागाशी बोला. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध याच विषयाला जोडता येईल. तोंडी परीक्षेत डॉक्टर आणि सिस्टर दोघंही परीक्षक म्हणून बसवा. निम्मे गुण चालणाऱ्या यंत्राला आणि निम्मे वॉर्डातल्या नोंदींना, गरजेच्या पानाला, जोखमीच्या तक्त्याला द्या. मग मुलं पहिल्या महिन्याला टाळत नाहीत.

काही नवीन सुचलं असेल तर पोस्टर लावण्याआधी, स्पर्धेत मांडण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. कुणाची कल्पना कुठल्या तारखेला आली हे बैठकीच्या वहीत लिहून सह्या घेत गेलात तर शेवटी भांडण होत नाही.

आठवी पायरी: पुढच्या चमूला सोपवणं

विद्यार्थी मे महिन्यात जातात आणि प्रकल्प कपाटात जातो. ते टाळायचं असेल तर शेवटचे तीन आठवडे आधीच बाजूला ठेवा. एक फाइल तयार करा: गरजेचं पान, वॉर्डातल्या नोंदी नावांशिवाय, आराखडे, भागांची यादी आणि त्यांच्या किमती, कुठल्या चाचणीत काय मोडलं, सिस्टर काय म्हणाल्या, नीतिमत्ता समितीचा पत्रव्यवहार. तिची एक प्रत दोन्ही महाविद्यालयांच्या ग्रंथालयात आणि एक वॉर्डात द्या. नवे विद्यार्थी जुलैत आले की जुन्या चमूतल्या एकाने त्यांना पहिल्या दिवशी स्वतः वॉर्डात न्यावं आणि इनचार्ज सिस्टरशी ओळख करून द्यावी.